बाणातला ण

"काय करायचं म्हणालात?"

"गुनायचं, सर."

"गुन्हा करायचा?"

बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक चहा पीत होते, त्यांना ठसकाच लागला. दाराशी पुढच्या नंबरची पोरं उभी होती, ती हसली. मी पण हसले. का हसले, देव जाणे. समोरची मोठी माणसं हसली की आपण हसायचं, एवढंच तेव्हा कळत होतं.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, सिग्नल प्रोसेसिंगची तोंडी परीक्षा. आमच्या सरांनी विचारलं होतं, डिस्क्रीट फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे आपण नेमकं करतो काय? सूत्र नको, शब्दांत सांगा. मला बरं वाटलं होतं. सूत्र सगळे घोकून येतात. मला ते शब्दांत येत होतं. मी सांगितलं, "सर, आपल्याकडं सिग्नलचे आकडे असतात. एकेक फ्रिक्वेन्सी घ्यायची. तिच्या साइन आनी कोसाइननं त्या आकड्यांना गुनायचं. आनी सगळ्याची बेरीज करायची."

उत्तर बरोबर होतं. आज कुणी विचारलं तरी मी हेच उत्तर देईन.

"राहता कुठे आपण?" सरांनी विचारलं.

"येरवड्याला."

"जेलच्या आत की बाहेर?"

पुन्हा हशा. सर स्वतः हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. आवाज चढवत नसत, शिपायालासुद्धा 'आपण' म्हणत. पुण्यात अशा माणसाला सभ्य म्हणतात.

"अहो, मग बरोबर आहे. तिकडे गुन्हा, इकडे गुणाकार. ण म्हणा बघू. बाणातला ण."

"बानातला न."

"नळातला नव्हे हो. बाणातला."

"बानातला."

"पुन्हा."

म्हणत राहिले. जीभ कुठे न्यायची तेच कळेना. शेवटी परीक्षकांनाच कंटाळा आला, ते म्हणाले, जाऊ द्या सर, पुढची बोलवा. फूरियेबद्दल पुढं कुणी एक शब्द विचारला नाही. मला काठावर पास केलं. बाहेर आले, पाण्याच्या टाकीपाशी गेले, आणि घसा कोरडा असून पाणी न पिताच परत फिरले. तिथं उभ्या असलेल्या पोरांनी विचारलं असतं, काय पितेस? आणि मला तो शब्द म्हणावा लागला असता.

आम्ही बौद्ध. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे, त्याच्या आतल्या बोळात आमचं घर. वडील रिक्षा चालवायचे, आई साड्यांना फॉल-पिको करते, अजूनही करते. वस्तीत सगळे पानीच म्हणायचे. पानी आलं, पानी गेलं, कोन आलंय, कोनी नाय. कधी कुणाची तहान अडली नाही. त्यात काही चूक असते हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, कारण आमच्या शाळेतल्या बाईही तसंच बोलायच्या. ते मला कळलं इंजिनिअरिंगला, तोंडी परीक्षेत, बरोबर उत्तर देताना.

आता हे फूरिये प्रकरण काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अवघड काही नाही. लोकांनी उगाच बाऊ केलाय. कुठलाही आवाज म्हणजे अनेक लहरींची भेसळ. काही सावकाश हलणाऱ्या, काही भराभर. आपल्या कानाला एकच आवाज येतो, पण आत गर्दी असते. डीएफटी, म्हणजे तेच डिस्क्रीट फूरिये ट्रान्सफॉर्म, काय करतं, हजेरी घेतं. एकेका लहरीचा नंबर पुकारतं, तू आहेस का? गुणाकार आणि बेरीज ही त्याची पुकारायची रीत. ती लहर आवाजात असली तर बेरीज फुगते. नसली तर अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात, हाताला जवळजवळ शून्य लागतं. शेवटी एक आलेख मिळतो. कोण हजर, किती जोरात हजर.

मला त्यात आवडलं ते हे की, तिथं नुसता नंबर पुकारतात. आडनाव कुणी विचारत नाही. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून पूर्ण नाव सांगायला लावलं होतं. माझं आडनाव ऐकल्यावर बाकावरच्या मुलीनं 'अच्छा' म्हटलं आणि मग दिवसभर बोललीच नाही. त्या 'अच्छा'चा आलेख काढायला हवा होता.

असो. परीक्षेनंतर मी एक उद्योग केला. त्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. आवाज घ्यायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं डीएफटी काढायचं. तुकडे कुठेही कचकन कापले की आलेखात नसलेल्या लहरी उगवतात. चिखलात पाय आपटल्यावर शिंतोडे उडतात तशा. दोष आवाजाचा नसतो, कापणाऱ्याचा असतो. म्हणून तुकड्याच्या दोन्ही कडा हलक्या हातानं मिटवत आणाव्या लागतात. हे सगळं मी पुस्तकातून एकटीनं शिकले. सरांकडे जायची छाती नव्हती.

आणि एवढं शिकून मी पहिलं काम काय केलं? स्वतःची जीभ सरळ केली.

वर्गात मुग्धा होती, नारायण पेठेतली. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. मी तिला म्हटलं, मला तुझा आवाज दे. ती म्हणाली, "अगं, दे काय, घे की!" मनानं चांगली होती, ते नाकारत नाही. तिनं माइकसमोर बसून पाणी, लोणी, कोण, आणि, गणित असं सगळं म्हणून दिलं. मग मी माझं म्हटलं. दोन्ही आलेख शेजारी लावले. आवाजाच्या आलेखात टेकाडं असतात. ण म्हणताना जीभ वर वळून मागे जाते, तसं वरचं एक टेकाड खाली सरकतं. मुग्धाचं सरकत होतं, माझं जागचं हलत नव्हतं.

मग मी जीभ वळवत बसले. रोज. आलेख बघायचा, म्हणायचं, पुन्हा बघायचा. तोंडात फोड आली. घरी भांडी घासतानाही पुटपुटायचे, आणि, आणि, आणि. आई म्हणायची, "काय गं, मंतर म्हनतीस काय?" एके दिवशी माझं टेकाड मुग्धाच्या टेकाडावर अगदी चपखल बसलं. मी आनंदानं टाळी वाजवली. मुग्धानंही वाजवली. म्हणाली, "किती छान बोलतेस गं आता! वाटतच नाही."

काय वाटत नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. नंतर हे 'वाटत नाही' मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की आता ते सुरू व्हायच्या आधीच ओळखू येतं. समोरचा जरा मागे रेलतो, कौतुकानं बघतो, आणि म्हणतो, तुम्ही येरवड्याच्या? वाटत नाही. त्यांना वाटतं बक्षीस देतायत. मला कानफटात बसल्यासारखं होतं. पण मी 'थँक्यू' म्हणते. इतकी वर्षं म्हणत आले.

तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच. बोलायच्या आधी स्वतःला ऐकायचं. वाक्य तोंडात तयार करायचं, त्यातले ण मोजून ठेवायचे, ळ बघायचे, मग सोडायचं. मीटिंगमध्ये बाकीचे विचार करत असतात, मी उच्चार तपासत असते. माझा विचार मागे पडतो. तोच विचार मग शेजारचा बोलून टाकतो आणि वाहवा घेतो. दमायला होतं हो. दगड उचलून दमतात तसं नाही, कुणाला दिसेल असं नाही. पण संध्याकाळी घरी आल्यावर जबडा दुखतो.

पहिली नोकरी भोसरीत होती, मोटारी आणि पंप तपासायची. यंत्राला सेन्सर लावायचा, थरथर मोजायची, डीएफटी काढायचं. बेअरिंगला बारीक तडा असला तर आलेखात ठरावीक जागी सुळका दिसतो. यंत्र बंद पडायच्या आधी सांगता येतं, हे बदला. ते दिवस बरे होते. पंपाला माझ्या न-णचं सोयरसुतक नव्हतं. तेल लागलेले हात, डब्यातली चपाती, आणि कामाचं बोलणं. खरं सांगते, फूरिये मी तिथं शिकले. कॉलेजात फक्त घाबरले होते.

मग ती कंपनी बंद झाली आणि मी बाणेरच्या एका ऑफिसात लागले. मोठ्या काचा, कॉफीचं मशीन, बीनबॅग. काम आवाजाचं. मला वाटलं, आपलंच काम.

तिथून एकदा आईला फोन लावला. ऑफिसच्या नंबरवरून. घरचा फोन कधी शेजारीण उचलते, म्हणून मी आधी विचारलं, "हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडून आई म्हणाली, "अवो ताई, आमाला नाय पायजे लोन. सारखं सारखं काय फोन करताय? ठेवा."

आणि ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून उभी. संध्याकाळी घरी गेले तर आई शेजारणीला सांगत होती, "आज परत त्या ब्यांकेच्या बाईचा फोन. पन लई गोड बोलत हुती." मी हात-पाय धुतले, जेवले आणि लवकर आडवी झाले.

तर ऑफिसातलं काम. शाळांसाठी एक ॲप बनवत होते. मूल टॅबसमोर धडा वाचणार, ॲप ऐकणार, आणि शब्द बरोबर म्हटला की पडद्यावर हिरवा, चुकला की लाल. महापालिकेच्या शाळांत लावायचा विचार. आवाज स्वच्छ करणं माझ्याकडे. पंख्याची घूं घूं काढायची, रिक्षाचे हॉर्न काढायचे, मुलाचा आवाज तेवढा ठेवायचा. मला काम येत होतं आणि ते मी जीव लावून करत होते. पोरांना वाचायला मदत होईल, अशी आपली माझी समजूत.

टीमचा प्रमुख अद्वैत. माझ्याहून लहान, हुशार, सगळ्यांशी हसून बोलणारा. 'बरोबर' उच्चारांचे नमुने त्यानं गोळा केले होते. कुणाचे? त्याची आई, त्याची मावशी, त्यांच्या सोसायटीतल्या दोन निवृत्त शिक्षिका, आणि त्यांच्या ओळखीतले. सगळे कोथरूडच्या दोन गल्ल्यांत राहणारे. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही. मराठी म्हणजे तीच, हे माझ्याही डोक्यात घट्ट बसलं होतं.

मग चाचणीसाठी मला येरवड्यातल्या एका शाळेत पाठवलं. अद्वैत म्हणाला, "तुला एरिया माहितीय ना."

पहिलीच मुलगी वाचायला बसली. चौथीतली. दोन वेण्या, लाल रिबिनी, खणखणीत आवाज. धडा विहिरीवर होता. तिनं सुरू केलं, "आनी मग रानी पान्यापाशी गेली." टॅबवर लाल. लाल. लाल. ती थांबली. पुन्हा म्हणाली, जरा हळू. लाल. अजून हळू. लाल. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"टीचर, लाल आल्यावर थांबायचं असतंय ना?"

चौकातल्या सिग्नलसारखं वाटलं असेल तिला. मी म्हटलं, "नाही गं, वाच तू." पण ती वाचेना. टॅबकडे बघत ओठ मिटून बसली. तिच्या बाईंनी दटावलं, "अगं, वर्गात तर दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो!" तरी नाही. आपण काही आगाऊ केलं की काय, असा चेहरा. तो चेहरा मला आतून माहीत होता.

मी तिचं रेकॉर्डिंग ऑफिसात आणलं आणि आलेख काढला. स्वच्छ आवाज. एकेक टेकाड ठसठशीत. तिचा न आणि अद्वैतच्या मावशीचा ण शेजारी लावले. फरक होता. फरक आहेच, मी कुठं नाही म्हणते? पण मी तो आलेख उलटा-सुलटा करून बघितला आणि मला त्यात चूक कुठं दिसेना. डीएफटी फरक दाखवतं. चूक दाखवत नाही. चूक नंतर कुणीतरी बसून ठरवतं, आणि ठरवणाऱ्याचा पत्ता कोथरूडचा असतो. इतकी वर्षं हेच गणित करत आले, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती! स्वतःवरच चिडले मी. आणि सरांवर. त्या हसणाऱ्या परीक्षकांवर. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी गेली. चांगली उशिरा गेली.

दुसऱ्या दिवशी मी अद्वैतला सांगितलं की लाल रंगाचं काहीतरी करायला हवं. तो म्हणाला, "एक्झॅक्टली! मॉडेल कन्फ्यूज होतंय. आपल्याकडे 'चूक'चे सॅम्पल्स कमी आहेत." मी काय सांगतेय ते त्याच्या डोक्यातच शिरेना. मग तो खुर्ची पुढं ओढून, आवाज मऊ करून म्हणाला, "अगं, ऐक ना. तूच रेकॉर्ड करतेस का? तुला ते नॅचरली येईल. म्हणजे, पूर्वी यायचं ना तुला? तूच सांगितलं होतंस जेवताना."

सांगितलं होतं. सगळे आपापल्या कॉलेजातले किस्से सांगत होते, तेव्हा मीही गुन्ह्याचा किस्सा विनोद म्हणून सांगितला होता. सगळे पोट धरून हसले होते.

मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. सवय. गेले त्या आवाजबंद खोलीत. कानांवर हेडफोन, समोर माइक, पडद्यावर शब्द. पाणी. लोणी. कोण. आणि काचेपलीकडून अद्वैतनं अंगठा दाखवला.

मी म्हटलं, "पानी."

आणि माझा आवाज हेडफोनमधून मला ऐकू आला. तो माझा नव्हता. नाटकात मोलकरणीचं काम करणारी एखादी बाई कमरेवर हात ठेवून बोलते ना, हशा मिळवायला, तसा होता. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसाच. आलेखाकडे बघितलं. त्या मुलीच्या न सारखा नाही, मावशींच्या ण सारखा नाही. मधलंच काहीतरी. ज्या शब्दावर मी वाढले तो मला म्हणता येईना. मी त्याची नक्कल करत होते, आणि नक्कलही वाईट जमत होती. आईनं फोन ठेवला तो का, ते मला त्या खोलीत कळलं. तिनं बरोबरच ओळखलं होतं, ही बाई आपली नव्हे.

हेडफोन काढले. बाहेर आले.

"काय झालं? मस्त येत होतं," अद्वैत म्हणाला.

"मी हे करनार नाही."

बोलून गेल्यावर मला ऐकू आलं. वाक्य तयार केलं नव्हतं, तपासलं नव्हतं. आपोआप आलं होतं. अद्वैतच्या भुवया जराशा हलल्या. त्यालाही ऐकू गेलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

"पर्सनली घेऊ नकोस गं," तो म्हणाला. "कुठेतरी स्टँडर्ड ठेवायलाच लागतं ना? उद्या या मुलांनाच इंटरव्ह्यूला प्रॉब्लेम येईल. आपण त्यांच्या भल्यासाठीच करतोय."

"इंटरव्ह्यू घेनारा कोन असतो, अद्वैत?"

त्यानं घड्याळात बघितलं. मग म्हणाला, "तू आत्ता रागात आहेस. सोमवारपर्यंत विचार कर. तुझ्याशिवाय हे होणार नाही असं नाही, पण तू हवी आहेस."

खरं आहे ते. माझ्याशिवायही होईल. आज रविवार आहे. आई मशीनवर बसलीय, मी हे लिहितेय. विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. नोकरी गेली तर वांधे होतील, ते मला माहीत आहे. आणि गेलेला न काही अशानं परत येणार नाही, तेही माहीत आहे. रागात येतो, एरवी येत नाही. आई अजूनही फोनवर आधी दोनदा विचारते, कोन? मी दमलेय. हे वाचून कुणाला वाटेल मी आता मोकळी झाले, तर तसलं काही झालेलं नाही.

पण त्या खोलीत मी परत बसणार नाही. 'चूक' नावाच्या फोल्डरमध्ये माझा आवाज जाणार नाही, त्या मुलीचाही जाणार नाही. रेकॉर्डिंग मी आणलंय, त्यावर तसलं लेबल मी लावू देणार नाही. सोमवारी हेच सांगणार. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर राजीनामा, आणि तिथून उठून थेट शाळेत. मुख्याध्यापकांना सांगणार, ते नाही ऐकले तर शाळेच्या दारात पालकांना सांगणार, हे यंत्र तुमच्या पोरांना गप्प बसवायला येतंय, आणि ते कसं बनतं ते मला ठाऊक आहे कारण अर्धं मीच बनवलंय. माझ्या जागी ते दुसऱ्या कुणाला बसवतील. बसवू देत. त्यालाही जाऊन सांगणार. मोठ्यानं सांगणार. आणि सांगताना तोंडातून न आला की ण आला, ते मी बघत बसणार नाही.